निमगोरी

बाई, परवा कुरिअरनं माझ्या कादंबरीच्या मुखपृष्ठाचा नमुना आला आणि त्यावरची मुलगी गोरी आहे. नुसती गोरी नाही, चांगली घारी आहे, आणि तिचे पिंगट केस नुकतेच धुतल्यासारखे वाऱ्यावर उडताहेत. हातात शेवंतीची पाटी आहे, मागे द्राक्षाचा मांडव आहे, लांबवर डोंगराची रांगही आहे. म्हणजे चित्रकारानं नाशिक अगदी नीट काढलंय, मुलगी तेवढी कुठून तरी दुसरीकडून आणलीय. तुम्हाला हे सांगून उपयोग नाही हे मला कळतं. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली आणि मी कादंबरी लिहिली हेही तुम्हाला माहीत नाही. पण ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच जागेवर नसला की भांडण पोटात राहतं आणि तिथं त्रास देतं. या मुखपृष्ठावरून मला चित्रकाराशी भांडायचं नाहीये, तुमच्याशी भांडायचंय.

मी लगेच पुण्याला प्रकाशकांकडे फोन लावला. तिथली संपादक मुलगी फार सौजन्यानं बोलते, त्यामुळे तिच्यावर ओरडताही येत नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण पुस्तकात तिचा रंग कुठंच नाहीये. चित्रकारांनी मला विचारलं होतं, म्हणून मी सगळं पुन्हा वाचलं. केस आहेत, पण केसांत नुसत्या पाकळ्या आणि काड्या अडकल्यात. डोळे आहेत, पण ते सारखे कशाकडे तरी बघताहेत. दिसायला कशी ते कुठंच नाही."  ती माझी चूक दाखवत होती आणि तिच्या नकळत तुमचं कौतुक करत होती. मग ती म्हणाली की विक्री बघणाऱ्यांना हे चित्र फार आवडलंय, पुस्तकात एक ओळ जरी असती तरी ती त्यांच्याशी भांडली असती, आणि आठवडा संपायच्या आत काय ते कळवा, नंतर छपाई सुरू होईल. आता अडचण तुमच्या लक्षात आली असेल. ही कादंबरी माझ्या ताईची आहे. नाव बदललंय, बाकी मळा तोच, बाजार तोच, ताई तीच. ताईच्या गोष्टीवर भलत्याच कुणाचा चेहरा कायमचा छापला जाणार होता, आणि तो थांबवायचा तर मला तुमचा शाळेतला नियम मोडावा लागणार होता.

तुम्ही नववीत आम्हाला मराठीला आलात. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. शाळेतल्या सगळ्यात देखण्या बाई तुम्ही होतात, हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्याचा तुम्हाला कंटाळा आला होता. गोऱ्यापान, घारे डोळे, मागे घट्ट वळलेले केस, आणि तुम्ही खिडकीजवळ उभ्या राहिलात की ते केस तांबूस दिसायचे. मधल्या सुट्टीत आम्ही तुमच्या साड्यांवर चर्चा करायचो आणि मग तुमच्या डोळ्यांवर. त्यात दरवर्षीच्या हस्तलिखित अंकाचं काम तुमच्याकडे. आम्ही पोरींनी लिहिलेल्या गोष्टी तुमच्या टेबलावर येऊन पडल्या आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक नायिका घारी निघाली. एकीची नायिका पेठच्या डोंगरात शेळ्या राखत होती, तीही घारी आणि गोरी, केस सोनेरी. तुम्ही गठ्ठा घेऊन वर्गात आलात, खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "पोरींनो, हे हस्तलिखित आहे की माझा फोटो अल्बम?" वर्ग हसला. मी जरा जास्तच हसले, कारण माझी नायिका घारी नव्हती आणि आता माझं कौतुक होणार अशी माझी खात्री होती.

माझी वही परत आली तेव्हा समासात लाल शाईनं एकच ओळ होती. 'ही नायिका आहे की स्थळ?' मी लिहिलं होतं, 'ती दिसायला नाकीडोळी नीटस होती. वर्ण निमगोरा, बांधा सडपातळ, केस लांबसडक. ती मनमिळाऊ व गृहकृत्यदक्ष होती.' मला त्यात काय चुकलं ते कळेना. माणसाचं वर्णन असंच करतात असं मी धरून चालले होते, आणि लिहिताना मला ते फार भारदस्त वाटलं होतं. तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत. तुमचा डबा उघडा होता, थालीपीठ आणि लोण्याची गोळी. तुम्ही अर्धं थालीपीठ झाकणात ठेवून माझ्यापुढं सरकवलंत आणि विचारलंत, "हे असलं कुठं शिकलीस?" रागावलेल्या माणसाच्या डब्यातलं खायचं कसं, म्हणून मी तशीच उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "खा आधी. लाल शाई वहीवर आहे, तुझ्यावर नाही."

मी खाल्लं आणि सांगितलं. घरी ताईचं लग्न काढलं होतं. आमचे चुलते एका कचेरीत कारकून, त्यामुळे घरातलं सगळं लिखाण त्यांच्याकडे. त्यांनी फुलस्केपवर ताईचं परिचयपत्र केलं, त्याच्या झेरॉक्स काढल्या, आणि 'वर्ण' या शब्दापुढं 'निमगोरा' लिहिलं. ताई काळी आहे. चांगली काळी, उन्हातान्हात राबून आणखी काळी झालेली. मी तिच्याहून जरा उजळ म्हणून घरात मला 'बरी' म्हणायचे. पण परिचयपत्रात काळी हा शब्द नसतोच. तिथं रंगाची सुरुवातच गव्हाळपासून होते आणि तो उतरत नाही, चढतच जातो. सिन्नरकडची मंडळी बघायला आली. ताईनं पोह्यांचा ट्रे ठेवला, सगळ्यांच्या पाया पडली. मुलाची आत्या तो कागद हातात घेऊन बसली होती. तिनं कागदाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि म्हणाली, "निमगोरी लिव्हलंय. म्हन्जे निम्मी गोरी. मंग निम्मी कुठली वो, पुढची का मागची?" बायका हसल्या. माझी आई पण हसली, पाहुण्यांचा मान राखायला, आणि ते मला आजही गिळवत नाही. ताई आत आली, साडी बदलली आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची शेवंती खुडायला मळ्यात निघून गेली. हे सगळं झालं तरी तो शब्द मला गोष्टीत घालावासा वाटला. आमच्या घरात कुणी कुणाबद्दल लिहिलेलं एवढंच होतं ना, बाई.

तुम्ही माझी समजूत घातली नाहीत. दुसऱ्या कुणी बाई असत्या तर रंगात काय असतं, मन बघावं, असं काहीतरी सांगून त्यांनी मला वर्गात पाठवलं असतं. तुम्ही विचारलंत, "तुमचा मळा कुठं?" मी मखमलाबादच्या रस्त्याची खूण सांगितली आणि रविवारी सकाळी तुम्ही मोपेडवर हजर. आमच्या घरात धांदल उडाली. आईनं चहात दोनदा साखर घातली. तुम्ही तो चहा एक अक्षर न बोलता पूर्ण प्यायलात, त्या एका गोष्टीसाठी आई तुमचं नाव मरेपर्यंत आदरानं घ्यायची. मग तुम्ही बांधावर बसलात आणि ताई गुलाबाच्या जुड्या बांधत होती तिकडे बघत राहिलात. मलाही शेजारी बसवलंत. ताई उन्हाला एक डोळा बारीक करते आणि दुसरा तसाच ठेवते, हे मी जन्मापासून तिच्याबरोबर राहून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. केस तोंडावर येऊ नयेत म्हणून जुडी बांधायचं केळीचं सोपटच तिनं डोक्याला बांधलं होतं. उन्हानं तिच्या केसांची टोकं भुरी झाली होती, जवळजवळ तुमच्या केसांच्या रंगाची. तुमच्या डोक्यावर त्या रंगाला आम्ही सोनेरी म्हणायचो. ताईला शेजारची बाई विचारायची, घरात तेल नाही का.

थोड्या वेळानं ताई तुमच्याकडे आली, हाताला लागलेले काटे झाडत. तिला भीड अशी नव्हतीच. "बाई, तुमचं डोळं लय भारी हायेत," ती म्हणाली, "पन आमच्याकडं घाऱ्या मान्साला लबाड म्हन्तात." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुम्ही हसलात. "आमच्याकडेही म्हणतात," तुम्ही म्हणालात, "फक्त हळू म्हणतात." मग ताई पण हसली आणि बराच वेळ तुम्ही दोघी गुलाब कसा निवडायचा, कळी कितपत उमलल्यावर खुडायची, यावर बोलत राहिलात. मला तुमचा हेवा वाटला आणि ताईचाही. निघताना तुम्ही मोपेडला किक मारता मारता मला नियम सांगितलात. रंग लिहायचा नाही. केस लिहायचे तर केसांचं काय चाललंय ते लिही, आणि डोळे लिहायचे तर ते कशाकडे बघताहेत ते लिही. "बाकीचं स्थळं बघणाऱ्यांसाठी ठेव."

मी गोष्ट पुन्हा लिहिली. सोपट, एक डोळा बारीक, बोटाला गुंडाळलेली चिंधी, सगळं आलं, आणि बाई, लिहिताना मला जे वाटलं ते त्यानंतर फार थोड्या वेळा वाटलं. ताई मला दिसत होती. तुम्ही ती गोष्ट वर्गात स्वतः वाचून दाखवलीत, माझं नाव न सांगता. वाचून झाल्यावर विचारलंत, "कशी दिसली ही मुलगी तुम्हाला?" एकापाठोपाठ एक हात वर होतात. गोरी, बाई. गोरी आणि उंच. गोरी, पण उन्हानं लाल झालेली. घारी, बाई. माझ्या बाकावरची मैत्रीण, जी आमच्या मळ्यात येऊन ताईच्या हातची भाकरी खाऊन गेली होती, ती पण सांगते, गोरी. तुम्ही वही मिटली नव्हती तरी ती मिटल्यासारखं तुमचं तोंड झालं. तुम्ही खिडकीशी गेलात. तास संपायला वेळ होता, पण तुम्ही आम्हाला शुद्धलेखन घातलंत.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या तुम्ही जे म्हणालात ते मी पुढं अनेकांना सांगितलंय. कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. ज्यांना शाळेत असे शिक्षक मिळाले नाहीत त्यांना ते कळायचं पण नाही. तुम्ही म्हणालात, "काल माझं चुकलं. मी तुमच्यातल्या एकीला सांगितलं होतं की रंग लिहू नकोस. मला वाटलं, रंग काढला की माणूस उरेल. पण तुम्ही सगळ्यांनी तिथं गोरी मुलगी बसवलीत. मला हे आधी सुचायला हवं होतं, सुचलं नाही, कारण मला कधी कुणी गाळलेलंच नाही."  बाईंचं चुकतं ही बातमीच आम्हाला नवीन होती. तुम्ही पुढं म्हणालात, "माझा नियम अर्धाच आहे. उरलेला अर्धा मला येत नाही. तुमच्यातल्या कुणाला सापडला तर मला येऊन सांगा." आणि मग तुम्ही फळ्याकडे वळलात आणि समास शिकवायला सुरुवात केलीत.

मी सांगायला आले नाही, कारण मला सापडला नव्हता. ताईचं लग्न ठरलं, ओझरच्या कारखान्यातल्या एका फिटरशी. ते मित्राच्या लग्नाचे हार न्यायला आमच्या मळ्यावर आले होते, त्यांनी परिचयपत्र मागितलंच नाही, आणि चुलत्यांना त्याचा जरा रागच आला. तुम्ही लग्नाला आलात, पंगतीत आईच्या शेजारी बसून जेवलात. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना तुमचं आजारपण कळलं आणि मी भेटायला यायचं ठरवीपर्यंत तुम्ही गेल्याचंही कळलं. त्यानंतर मी जे काही लिहिलं, नोकरी सांभाळून, रविवारचं, सुट्ट्यांचं, त्यात तुमचा अर्धा नियम पाळला. इतका पाळला की माझ्या गोष्टींतल्या माणसांना रंगच नाही. एका दिवाळी अंकाच्या संपादकानं मला पत्र लिहिलं होतं की तुमची पात्रं डोळ्यांसमोर उभी राहतात. तेव्हा मी फार खूश झाले. कुठल्या रंगाची उभी राहतात, हे त्याला विचारायला पाहिजे होतं.

तर आता भांडण ऐका. तुमचा नियम सुंदर आहे. त्यानं मला बघायला शिकवलं, आणि मला लिहिता येतं ते त्यामुळेच. पण मराठीत माणसाच्या रंगाची जागा मोकळी ठेवली की ती मोकळी राहत नाही. एस.टी.तली खिडकीची जागा जशी, तुम्ही उठलात की रुमाल पडलाच. चित्रकाराला मी काय बोलणार? त्यानं तेच केलं जे माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं केलं, आणि तिनं तर ताईला डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही आम्हा पोरींना अर्धा नियम शिकवलात, उरलेला शोधायला आमच्यावर सोडलात आणि निघून गेलात. इतकी वर्षं मी तो शोधलाच नाही, तुमचा अर्धाच मिरवत बसले.

काल ताई आली होती. ओझरहून येते तेव्हा रिकाम्या हातानं येत नाही, मेथीची जुडी नाहीतर तोंडली. टेबलावर तो नमुना पडला होता. तिनं हात पदराला पुसून तो उचलला, लांब धरून पाहिला, कारण आता तिला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही. म्हणाली, "छान हाय गं. कोन हाय ही?"  तिला माहीत आहे की पुस्तक तिच्यावर आहे, तिनंच मला बाजारातले निम्मे किस्से सांगितलेत. मी म्हटलं, "तू आहेस." तिनं पुन्हा पाहिलं आणि खदखदून हसली, इतकी की तिला खोकला आला. मग पाणी प्यायली आणि नमुना उलटा करून ठेवला. तिनं तो उलटा ठेवला एवढंच मी पाहिलं, आणि मला पुरलं.

मी तिला विचारलं, एक ओळ घालायचीय, तुझा रंग कसा लिहू. मी किती शब्द चाचपले होते ते तिला कुठं सांगू? सावळी लिहून पाहिलं होतं, गडद लिहून पाहिलं, मातीच्या रंगाची असंही एकदा लिहिलं आणि खोडलं. मातीचं काय सांगायचं, तिनं ती जन्मभर खुरपलीय, वर पुन्हा उपमा तिचीच? ताई मेथी निवडता निवडता म्हणाली, "काळी. अजून काय?" मी म्हटलं, "सावळी चालेल?" ती म्हणाली, "सावळा देव आस्तो. मी काळी हाय. आन् लगीच पुढचं लिव्ह, तिथंच बसू नको, सगळे तिथंच बसत्यात."

बाई, सापडला. निदान मला तसं वाटतंय. शब्द सरळ लिहायचा आणि तिथं थांबायचं नाही. पहिल्याच पानावर, ताई पाटी डोक्यावर घेऊन फुलबाजाराकडे निघते तिथं, मी लिहिलं: 'ती काळी होती आणि त्या सकाळी तिला फार घाई होती.' फोनवर संपादक मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बसेल मॅडम. मजकूर पुढच्या पानावर सरकणार नाही." आज तिचा फोन आला की विक्रीवाल्यांनी कुरकुर केली, पण चित्र नव्यानं काढायचं ठरलं, ताईचा एखादा फोटो असला तर पाठवा. मी गुलाबाच्या जुड्या बांधतानाचा पाठवला. जुना नमुना मात्र परत हवाय म्हणाली, त्यांच्या चित्रकाराला त्यातला मांडव वापरायचाय.

तो मी अजून पाठवलेला नाही, आणि का ते फक्त तुम्हालाच सांगता येईल. परवा पाकीट उघडलं तेव्हा सगळ्यात आधी मला राग आला नव्हता. ताई आठवलीही नव्हती. त्या घाऱ्या मुलीकडे बघून मी मोठ्यानं "बाई" म्हणाले होते, आणि मला फार आनंद झाला होता. तुमचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्यांना मी सांगणार आहे की नमुना परतीच्या कुरिअरमध्ये गहाळ झाला.